मोटारीचा दोष आणि मालकाचा पत्ता

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट लांबीने फार मोठा नाही. परंतु जिल्ह्यातील लोक आपल्या बोलण्यात ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे जे दोन भाग करतात, त्यांना जोडणाऱ्या वाटांपैकी तो एक होय. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे तालुके वर, तर मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे खाली. बाजारहाट, कचेरीची कामे, लग्नकार्ये आणि शेगावची यात्रा ह्यांच्या निमित्ताने अशा घाटांतून माणसांची व मालाची ये-जा अखंड चालू असते. उतारावर गाडी हाकणाऱ्याचा सारा भरवसा दोन गोष्टींवर असतो. ब्रेकवर पाय दाबला की गाडी थांबेल, ही एक. आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाचा जोर उतरेल, ही दुसरी. पहिलीविषयी सर्वजण सावध असतात. ब्रेक तपासल्याविना घाटात गाडी घालू नये, हे शहाणपण जुने आहे. दुसरीविषयी मात्र सहसा कोणाच्या मनात शंकादेखील येत नाही.

हा भरवसा बहुधा खराच ठरतो. परंतु क्वचित् प्रसंगी तो ढळतो. तो ढळण्याचे कारण चालकाच्या चुकीत किंवा मालकाच्या हयगयीत नसून कारखान्यात बसविलेल्या एखाद्या भागात असेल, तर प्रश्न एका गाडीपुरता राहत नाही. एका साच्यातून जसे हजारो भाग निघतात, तसा त्या साच्यातील दोषही हजारो गाड्यांत वाटला जातो. अशा वेळी कारखानदाराने त्या सर्व गाड्या परत बोलवाव्या, दोषी भाग स्वतःच्या खर्चाने बदलून किंवा दुरुस्त करून द्यावा, आणि तोपर्यंत मालकांस धोक्याची सूचना द्यावी, ह्या व्यवस्थेस ‘रिकॉल’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘परत बोलावणी’ म्हणता येईल. ही बोलावणी कशी निघते, तिच्यामागे कायदा कोणता आहे, आणि मुंबई-पुण्याच्या पेढ्यांपासून दूर असलेल्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ती मालकाच्या दारापर्यंत पोहोचण्यास काय लागते, हा प्रस्तुत विषय आहे.

दोष कोठे उत्पन्न होतो

ॲक्सिलरेटर म्हणजे वस्तुतः एक झडप उघडण्यामिटण्याचे साधन होय. पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात किती हवा शिरू द्यावयाची, हे ‘थ्रॉटल’ नावाची एक वाटोळी चकतीवजा झडप ठरविते. झडप जितकी उघडी, तितकी हवा अधिक. हवेच्या मानाने इंधन अधिक. आणि त्या मानाने इंजिनाचा जोर अधिक. जुन्या मोटारींत पायाखालच्या पेडलपासून ह्या झडपेपर्यंत पोलादी तारांची केबल गेलेली असे. पाय दाबला की केबल ताणली जाई आणि झडप उघडे. पाय उचलला की स्प्रिंगच्या जोराने झडप आपोआप मिटे. अनेक मोटारसायकलींत अजूनही मुठीपासून निघणारी केबल हेच काम करते. डिझेलच्या इंजिनात मुख्यतः हवेऐवजी इंधनाचे प्रमाण कमीजास्त होते, एवढाच फरक.

ह्या रचनेत बिघाड होण्याच्या जागा उघड आहेत. केबलचा एखादा तंतू तुटून आवरणात अडकतो. आवरणात पाणी शिरून गंज चढतो. धूळ व तेल मिळून चिकट लेप बसतो. किंवा स्प्रिंग तरी निकामी होते. परिणाम एकच, तो असा की पाय उचलला तरी झडप मिटत नाही. स्प्रिंग तुटली तरी अनर्थ होऊ नये म्हणून जाणते कारखानदार एकीच्या जागी दोन स्प्रिंगा घालीत आले आहेत.

अलीकडच्या मोटारींत केबल उरलेली नाही. पेडलच्या बुडाशी त्याची जागा मोजणारे दोन संवेदक असतात. त्यांचे विजेचे संदेश गाडीतील संगणकाकडे जातात, आणि संगणकाच्या आज्ञेने एक लहानशी मोटर झडप फिरविते. संवेदक दोन असण्याचे कारण असे की, दोघांची साक्ष जुळली नाही तर संगणकाने दोष ओळखावा आणि इंजिनाचा जोर आपण होऊन मर्यादित करावा. येथे एक मौजेची गोष्ट घडली. केबल गेल्याबरोबर पेडल पायाला फारच हलके लागू लागले. जुन्या सवयीच्या चालकास पायाखाली थोडा विरोध जाणवावा, म्हणून नव्या पेडलमध्ये घर्षण उत्पन्न करणारा एक भाग मुद्दाम बसविण्यात आला. पुढे जगातील एका मोठ्या बोलावणीचे मूळ नेमके ह्या घर्षणाच्या भागातच निघाले. ज्याची यंत्राला गरज नव्हती, केवळ माणसाच्या सवयीला होती, तोच भाग धोक्याचा ठरला.

तीन बोलावण्या

अमेरिकेतील जनरल मोटर्स ह्या कंपनीने १९७१ सालच्या डिसेंबरात सुमारे ६७ लक्ष शेव्हरोले गाड्यांसाठी बोलावणी काढली. ह्या गाड्या १९६५ ते १९७० ह्या काळातील होत्या. ज्या रबरी आधारांवर इंजिन बसविलेले होते, ते आधार तुटत असत. आधार तुटला की इंजिन जोराच्या धक्क्याने एका अंगाला उचलले जाई, आणि उचलता उचलता ॲक्सिलरेटरची जोडणी ओढून झडप उघडी पाडी. म्हणजे चालकाने पेडल दाबले नसतानाही गाडी धाव घेई. दुरुस्ती अगदी साधी होती: इंजिन उचलले जाऊ नये म्हणून त्याला पोलादी तारेच्या दोराने जखडून टाकणे. दोष मुळात ॲक्सिलरेटरचा नव्हे, आधाराचा होता. परंतु तो प्रगट झाला ॲक्सिलरेटरच्या वाटेने. मोटारीतील भाग एकमेकांपासून किती अविभक्त असतात, ह्याचा हा चांगला दाखला होय.

दुसरी बोलावणी टोयोटा ह्या जपानी कंपनीची. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराजवळ त्या कंपनीची एक लेक्सस मोटार अनावर धावून एका कुटुंबातील चार माणसे मरण पावली. गाडी विक्रेत्याने तात्पुरती वापरावयास दिलेली होती, आणि तिच्यात दुसऱ्याच नमुन्याच्या गाडीची पायाखालची चटई घातलेली होती. त्या चटईच्या कडेत पेडल अडकले होते. त्यानंतर चटईविषयी मोठी बोलावणी निघाली. २०१० च्या जानेवारीत तिच्या जोडीला दुसरी निघाली, ती अमेरिकेतील सुमारे २३ लक्ष गाड्यांसाठी. पेडलमधील वर सांगितलेला घर्षणाचा भाग झिजून व दमटपणामुळे चिकटत असे, आणि पेडल सावकाश वर येई किंवा मधेच थांबे. उपाय म्हणून त्या भागात पोलादाचा एक लहानसा, अचूक मापाचा तुकडा बसविण्यात आला.

संगणकातच काही गूढ दोष असावा, अशी शंका त्या वेळी पुष्कळांनी घेतली. अमेरिकन सरकारने नासा ह्या संस्थेच्या यंत्रज्ञांकडून तपास करविला. त्यांचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. भयंकर वेग उत्पन्न करील असा विजेच्या यंत्रणेतील दोष त्यांना सापडला नाही. चिकटणारे पेडल आणि अडकणारी चटई ही दोन यांत्रिक कारणेच सिद्ध झाली. अनेक प्रसंगी चालकाने ब्रेक समजून ॲक्सिलरेटरच दाबला असावा, असाही सरकारी निष्कर्ष होता. तथापि कंपनीची ह्यातून सुटका झाली नाही. ह्या दोषांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल मार्च २०१४ मध्ये तिला १२० कोटी डॉलर भरावे लागले. दोष राहणे ही एक गोष्ट, आणि कळलेला दोष झाकणे ही दुसरी. पहिली मनुष्यमात्राच्या हातून घडते. दंड झाला तो दुसरीबद्दल.

तिसरे उदाहरण ताजे आहे. टेस्ला कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या सायबरट्रक नावाच्या ३,८७८ गाड्या परत बोलाविल्या. पेडलवर एक धातूची पट्टी दाबून बसविलेली होती. ती सहज सरकून बसावी म्हणून जुळणीच्या वेळी साबण वापरण्यात आला. आणि ज्या साबणाने ती बसविताना सरकली, त्याच साबणाने ती पुढे निसटू लागली. निसटलेली पट्टी समोरच्या आवरणात अडकली की पेडल दाबलेलेच राही. उपाय म्हणून पट्टी रिव्हेट मारून पक्की करण्यात आली. संगणकांनी भरलेल्या अत्याधुनिक गाडीत दोष निघाला तो साबणाच्या फेसाएवढा क्षुद्र. परंतु त्याचा परिणाम मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या तुटक्या केबलच्या परिणामाहून निराळा नव्हता.

कायद्याची वाटचाल

परत बोलावणीला कायद्याचे पाठबळ प्रथम अमेरिकेत १९६६ साली मिळाले. त्या कायद्याने कारखानदारास दोषाची सूचना मालकांस देणे भाग पडले. परंतु दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती नव्हती. ती १९७४ च्या दुरुस्तीने आली. प्रथम सूचना आणि मागाहून दुरुस्ती, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण ज्यास सूचनाच मिळत नाही, त्याच्या दृष्टीने फुकट दुरुस्तीचा हक्क असून नसल्यासारखा असतो.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात परत बोलावणीची तरतूद नव्हती. मोटारींच्या कारखानदारांच्या ‘सियाम’ ह्या संघाने २०१२ साली आपल्या सभासदांसाठी स्वेच्छेची एक संहिता केली, आणि तिच्या अन्वये बोलावण्या निघू लागल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मूळ कायद्यात ११० अ हे कलम घालण्यात आले, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. कलमाचा आशय असा की, एखाद्या नमुन्याच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणास, चालकास, आत बसणाऱ्यांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्याचा संभव असेल, आणि तो दोष ठराविक प्रमाणात मालकांनी, अथवा तपासणी करणाऱ्या संस्थेने, अथवा अन्य मार्गाने सरकारच्या नजरेस आणला असेल, तर केंद्र सरकार कारखानदारास ती सर्व वाहने परत बोलाविण्याची आज्ञा देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग ज्या ज्या वाहनांत बसविला आहे, त्या सर्वांस आज्ञा लागू करता येते. कारखानदाराने दुरुस्ती करून द्यावी, किंवा तसलेच दुसरे वाहन द्यावे, किंवा मूल्य परत करावे, असे मार्ग कायद्यात सांगितले आहेत. सक्तीच्या बोलावणीत दंड वाहनांच्या प्रकारानुसार व संख्येनुसार १० लक्ष रुपयांपासून १ कोटी रुपयांपर्यंत आहे.

ह्या कायद्यातील एक मर्म विसरता कामा नये. ज्या कारखानदारास दोष स्वतःच आढळला, आणि ज्याने तो आपण होऊन सरकारास कळवून बोलावणी सुरू केली, त्यास हा दंड होत नाही. प्रामाणिकपणास शिक्षा होऊ लागली, तर दोष कपाटात कुलूपबंद होतात, हे अनुभवाचे शहाणपण त्यामागे आहे. म्हणूनच बोलावणीची बातमी वाचून ‘ही कंपनी वाईट’ असे अनुमान काढणे रास्त नव्हे. बोलावणी काढणारा दोष कबूल करीत असतो. चिंता करावयाची ती, ज्याच्यात दोष आहे आणि ज्याविषयी कोणी बोलतच नाही, त्या गाडीची.

भारतात निघालेल्या मोठ्या बोलावण्या ॲक्सिलरेटरखेरीज इतर भागांच्याही आहेत. परंतु त्यांची वाट तीच. रॉयल एन्फील्ड कंपनीने मे २०२१ मध्ये प्रज्वलन-कॉइलमधील दोषासाठी भारत व इतर काही देश मिळून २,३६,९६६ मोटारसायकली बोलाविल्या. मारुती सुझुकीने जुलै २०२३ मध्ये सुकाणूच्या जोडदांडीतील संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो आणि ईको ह्या नमुन्यांच्या ८७,५९९ गाड्या बोलाविल्या. ह्यांपैकी ईको ही गाडी खेड्यापाड्यांतून माणसे व माल नेण्यासाठी आवडीने घेतली जाते. ह्यास्तव ह्या बोलावण्या केवळ मोठ्या शहरांच्या कामाच्या आहेत, असे मानण्याचे कारण नाही.

गाडी पोहोचते, सूचना पोहोचत नाही

येथे बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचा खरा प्रश्न सुरू होतो. कारखानदाराजवळ गाडीची जी नोंद असते, ती विक्रीच्या दिवसाची. त्या नोंदीत प्रथम घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि टेलिफोनचा क्रमांक असतो. दोष निघाला की सूचना तेथेच जाते. परंतु गाडी एका धन्याजवळ कायम राहत नाही. पुण्यात किंवा मुंबईत चार-सहा वर्षे वापरलेली मोटार दलालाच्या हातून विदर्भात येते. चिखलीच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे काही वर्षे काढते. मग लोणारकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात जाऊन उभी राहते. कारखानदाराचे पत्र मात्र पुण्यातील पहिल्या पत्त्यावर जाते, आणि तेथून पुढे त्यास वाट नसते. दोष गाडीबरोबर तीन हात फिरला. सूचना पहिल्याच दारात थांबली.

ह्याला सरकारी नोंदीचा आधार मिळावा अशी कायद्याची योजना आहे. वाहन विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विक्री झाली असता १४ दिवसांच्या आत आणि राज्याबाहेर झाली असता ४५ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळविले पाहिजे. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत ते आपल्या नावावर करून घेतले पाहिजे. राहण्याचा पत्ता बदलला, तरी तोही ३० दिवसांत कळविणे प्राप्त आहे. व्यवहारात काय घडते, हे सर्वांस ठाऊक आहे. नमुना २९ आणि ३० ह्यांवर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ते कागद कोरेच पेटीत ठेवले जातात, आणि गाडी पुन्हा विकली की तेच कागद पुढच्याच्या हाती जातात. ह्यात फीचे काही रुपये वाचतात. परंतु त्याचबरोबर गाडीचा खरा मालक सरकारास आणि कारखानदारास दोघांसही अज्ञात होतो. अपघात झाल्यास कोर्टकचेरीचे लचांड पहिल्या मालकामागे लागते, हे लोकांस माहीत असते. धोक्याची सूचना शेवटच्या मालकास मुळी मिळतच नाही, हा त्याचा दुसरा परिणाम मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

वयाचीही एक अडचण आहे. सक्तीच्या बोलावणीचा नियम सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांस लागू आहे. कारखानदाराने स्वेच्छेने त्याहून जुन्या गाड्या बोलविण्यास हरकत नाही. पण सक्ती तेथे संपते. शहरातून निघालेली गाडी ज्या वयात तालुक्याच्या गावी येते, त्याच वयाच्या आसपास कायद्याचे हे छत्र मिटते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने व्यवहाराच्या वेळीच चौकशी करणे अगत्याचे आहे. प्रत्येक गाडीला १७ अक्षरांकांचा एक चेसिस क्रमांक असतो, आणि तो नोंदणीपत्रावर छापलेला असतो. त्या क्रमांकाच्या गाडीसाठी पूर्वी बोलावणी निघाली होती काय, आणि निघाली असल्यास दुरुस्ती झाली काय, हे कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात विचारता येते. पुष्कळ कंपन्यांच्या संकेतस्थळांवरही पाहता येते. टायर आणि रंग पाहण्यास जो वेळ जातो, त्याच्या चौथाईत हे काम होते. शिवाय दुरुस्ती गाडीच्या नावे असते, मालकाच्या नावे नव्हे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकानेही ती विनामूल्य मागून घ्यावी.

तक्रारीचा उलटा प्रवास

सूचना जशी वरून खाली यावयाची, तशी तक्रार खालून वर जावयाची असते. कायदा तक्रारींची संख्या मोजतो, आणि एका नमुन्याच्या गाड्यांविषयी ठराविक तक्रारी जमल्या की तपासाला आरंभ होतो. परंतु तालुक्याच्या गावी ॲक्सिलरेटर अडकू लागला, तर मालक गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडे नेतो. मिस्त्री हुशार असतो. तो केबल बदलतो, स्प्रिंग ताणून बसवितो, आणि दोनशे रुपयांत काम होते. गाडी सुधारते, परंतु तो दोष मोजला जात नाही. काढलेला भाग टिनाच्या डब्यात पडून राहतो, आणि त्याच साच्यातील दुसरा भाग दुसऱ्या एखाद्या गावात, एखाद्या उतारावर, कोणाचा तरी घात करण्याच्या बेतात असतो. मिस्त्रीकडे जाण्यात काही गैर नाही. परंतु गाडी नवी असताना हा दोष दिसला, तर कंपनीच्या सेवाकेंद्रात तो लेखी नोंदवावा, आणि केंद्र सरकारच्या ‘वाहन’ ह्या संकेतस्थळावर परत बोलावणीविषयी तक्रार करण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग करावा. काढलेला भाग फेकू नये; तोच पुरावा असतो.

पुराव्याचे महत्त्व ह्याच जिल्ह्यात एका दारुण प्रसंगाने दिसून आले. १ जुलै २०२३ च्या उत्तररात्री नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे उलटून पेटली, आणि २५ प्रवासी मरण पावले. बस दाराच्या अंगावर पडल्याने आतील माणसांस बाहेर पडणे दुर्घट झाले. टायर फुटल्यामुळे हे घडले, असे चालकाने प्रथम सांगितले. परंतु परिवहन खात्याच्या प्राथमिक अहवालात टायर फुटल्याची चिन्हे आढळली नसल्याचे नमूद झाले. तो अपघात कारखान्याच्या दोषाचा होता, असे मुळीच नव्हे. त्यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, यंत्राला दोष देणे आणि यंत्राचा दोष सिद्ध करणे ह्यांत मोठे अंतर आहे. आणि ते अंतर केवळ काळजीपूर्वक तपासानेच तोडता येते. निर्दोष भागावर खापर फुटले, तर खरे कारण तसेच राहते. आणि दोषी भागाऐवजी चालकास जबाबदार धरले, तरीही तसेच होते.

ज्या महामार्गावर मोटारींस ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग ठेवण्याची मुभा आहे, तेथे ह्या गोष्टी अधिकच जपावयास हव्यात. त्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर अंतर काटते. पेडल अडकल्याचे उमगण्यास तीन सेकंद लागले, तर शंभर मीटरचा रस्ता मागे पडलेला असतो.

पेडल अडकले तर

ह्यास्तव तेवढ्या तीन सेकंदांत काय करावयाचे, हे आधीच मनात ठरलेले असावे. ॲक्सिलरेटर अडकून गाडी धावू लागली, तर ब्रेक एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरावा. पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये. पेट्रोलच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती इंजिनाकडूनच येते, आणि झडप पूर्ण उघडी असताना ती पुन्हा भरत नाही. दोन-तीनदा पाय सोडला की साठा संपतो आणि ब्रेक दगडासारखा कठीण होतो. ब्रेक धरल्याबरोबर गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. क्लच असल्यास तो दाबावा. इंजिन मोठ्याने गर्जना करील, करू द्यावी. इंजिनाचे नुकसान पैशाने भरून येते. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा जोर चाकांस मिळत नाही, तसा इंजिनाचा आवरही मिळत नाही. म्हणून घाटात सारी मदार ब्रेकवर असते, आणि तो सोडता कामा नये. गाडी बाजूला घेऊन थांबल्यावर इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, आणि उतार असल्यास चाकाखाली दगड लावावा. चालत्या गाडीत किल्ली काढून घेऊ नये, कारण सुकाणूला कुलूप बसण्याची भीती असते. मोटारसायकलीवर क्लच ओढून मुठीजवळील इंजिन बंद करण्याचे लाल बटण दाबावे.

ह्याहून सोपे काम दररोजचे आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी पेडल पूर्ण दाबून सोडावे, आणि ते चटकन व नि:शब्द वर येते की नाही हे पाहावे. पायाखालची चटई त्याच गाडीची व हुकात अडकविलेली असावी. धुळीच्या दिवसांत तिच्यावर रबराची दुसरी चटई किंवा पोते टाकण्याची रीत मोडावी. पाण्याची बाटली चालकाच्या पायांजवळ ठेवू नये. मोटारसायकलीची मूठ उघडून सोडली असता आपण होऊन मिटली पाहिजे, आणि हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळविले तरी मिटली पाहिजे.

परत बोलावणी ही अशा प्रकारे तीन पक्षांनी मिळून चालवावयाची व्यवस्था आहे. कारखानदाराने दोष लपवू नये. सरकारने तक्रारी मोजाव्या व तपासाव्या. आणि मालकाने आपले नाव-पत्ता खरा ठेवून, पत्र आले की गाडी नेऊन उभी करावी. पहिल्या दोघांच्या कर्तव्याविषयी कायदा बोलतो आणि वृत्तपत्रे लिहितात. तिसऱ्याचे काम अगदी लहान आहे, परंतु ते झाल्यावाचून पहिल्या दोघांचे सारे श्रम फुकट जातात. कारण बोलाविलेल्या गाड्यांपैकी जी दुरुस्त झाली नाही, ती बोलावणीच्या आदल्या दिवशी जितकी धोक्याची होती, तितकीच दुसऱ्या दिवशीही असते. ज्यांच्या दारात दुसऱ्याच्या नावाची गाडी उभी आहे, त्यांनी ह्याच महिन्यात परिवहन कार्यालयात जाऊन ती आपल्या नावावर करून घ्यावी, आणि येताना सेवाकेंद्रात चेसिस क्रमांक सांगून तिच्यासाठी एखादी जुनी बोलावणी बाकी आहे काय, एवढे विचारून यावे.